उसनी प्रयोगशाळा

आमच्या तेर गावातल्या घरात फडताळांवर वर्तमानपत्र अंथरलेलं मी कधी पाहिलं नाही. तिथं पत्रकं असायची. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहायचे. मुलींच्या शाळेला संडास का नाही, नळाचं पाणी आमच्याच वस्तीत शेवटी का येतं, हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला का जाऊ नये, अंगात आलेल्या बाईला आधी दवाखान्यात का न्यावं. धाराशिवच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे ते शाईचा ओला, रॉकेलसारखा वास घेऊन. वाटून उरलेल्या कागदावर मायचं राज्य. त्यात ती भाकरी गुंडाळायची, चटणीच्या पुड्या बांधायची, अंगणात त्यावर शेंगा वाळत घालायची. "आवं, तुमच्या क्रांतीवर शेंगा लई चांगल्या वाळतेत बगा," असं ती म्हणायची. आबा हसायचे नाहीत. "वाळव, पण आधी वाच," म्हणायचे. मी अक्षरं शिकले ती ह्याच कागदांवर. शाळेत डबा उघडला की भाकरीभोवती एखादं वाक्य अर्धं तेलात भिजलेलं असायचं आणि उरलेलं अर्धं काय असेल ते जुळवत मी जेवायचे. त्यामुळेच असेल, मला लहानपणापासून राग आधी यायचा आणि भूक नंतर लागायची.

पत्रकाचे आबांचे नियम होते. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. विशेषण दिसलं की काट मारायची. आणि खाली स्वतःचं नाव घालायचं, कारण बिननावाचं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड. ह्या नियमांनी आबांना आयुष्यात काय मिळालं? दोन बदल्या, एक चौकशी आणि गावातल्या बऱ्याच लोकांचा अबोला. संडास मात्र झाला. पाच-सहा वर्षांनी झाला, कुणाच्या तरी वाढदिवसाला, आणि त्यावर दुसऱ्याच माणसाच्या नावाची पाटी लागली. आबा त्या पाटीकडं बघून म्हणाले होते, "दार लागतंय ना? मग झालं."

मी कुठंही भांडायचे. रेशनच्या दुकानात, एसटीत, शाळेत, आत्याच्या घरी. "हिचं डोकं फिरलंय" हे वाक्य माझ्या वाट्याला इतकं आलं, की डोक्यात फिरतं तरी काय हे एकदा उघडून बघावं असं मला खरोखरच वाटायला लागलं. मी बारावीला धाराशिवला होते तेव्हा येडशीकडं जाणाऱ्या रस्त्यावर नव्यानं झालेल्या एका खासगी विद्यापीठाची माणसं आमच्या कॉलेजात आली. त्यांनी खिडक्यांना चादरी लावून पडद्यावर मेंदू दाखवला. काळ्या अंधारात निळा मेंदू, आणि त्यात एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा चमकणाऱ्या ठिणग्या. मेंदूविज्ञानाची चार वर्षांची पदवी, म्हणाले, आपल्या भागात पहिल्यांदा. मी घरी येऊन जाहीर केलं की डॉक्टरकी नको, नर्सिंग नको, डीएड तर नकोच, मला हे शिकायचंय. मायनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "त्यानं नोकरी कंची लागती?" आबा म्हणाले, "माणूस चुकीचा विचार का करतो, हे कळंल की. मी तीस वर्षं पत्रकं वाटतोय, मला न्हाय कळलं." माय म्हणाली, "तुमाला कळून तरी काय होनार होतं?" माझा प्रवेश असा ठरला.

तेरहून सकाळची गाडी पकडून धाराशिव आणि तिथून दुसरी गाडी धरून विद्यापीठ. मायच्या हातचे धपाटे पिशवीत, खिडकीचं सैल तावदान खडखडत असायचं आणि ढोकीपर्यंत वाहकाची घंटी. विद्यापीठाची कमान इतकी मोठी होती की आतली इमारत लहान वाटायची. वर्ग भरला तेव्हा आम्ही तीसेक जण होतो. शिकवायला एकच माणूस होता, ढवळे सर. पीएचडी झालेले, पण तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतले तितकीच त्यांची नोकरी. लातूरहून रेल्वेनं येडशीला उतरायचे आणि मिळेल त्या वाहनानं यायचे. पुस्तकं इंग्रजीत होती, आम्ही मराठीत होतो आणि सर मधे उभे होते. चेतापेशीत विजेचा निरोप कसा धावतो हे त्यांनी एसटीवर शिकवलं होतं. "दार उघडलं की सोडियम कसं आत घुसतं? तुळजापूरच्या जत्रेत गाडी लागल्यावर पब्लिक घुसतं तसं. आणि पोटॅशियम? ते बिचारं मागच्या दारानं उतरतं. आता कंडक्टर कोण?" बालाजी नावाचा तामलवाडीचा मुलगा मागून ओरडला, "सर, आमच्याकडं कंडक्टरच न्हाय, गाडी तशीच सोडलीय!" सगळे हसले. सरही हसले, पण ते जरा जास्तच वेळ हसले.

प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती, आत टेबलं होती आणि टेबलांवर काही नव्हतं. पहिलं वर्ष आम्ही फळ्यावरच्या मेंदूवर काढलं. मग शबाना बोलली. शबाना धाराशिवची, तिच्या मामूचं मटणाचं दुकान होतं. तिनं सरांना विचारलं, "सर, बकरीका चलता क्या?" सर म्हणाले, "अगं, लई चलता." आमच्या जिल्ह्याची काळी शेळी देशभर नावाजलेली आहे, पण तिच्या डोक्यात काय असतं ह्याची चौकशी तोवर फक्त खाणाऱ्यांनीच केली होती. मामूला अख्खा मेंदू काढून मागितला तेव्हा तो सत्तूर हातात धरून आमच्याकडं बघत राहिला. "पूरा साबूत? और खाना नै?" शबाना म्हणाली, "पढना है, मामू." तो म्हणाला, "बकरी बिचारी खुद तो पढी नै, अब मरके पढाएगी." पहिले चार मेंदू फुटले. ते शबानाच्या घरी शिजले असावेत. पाचवा अख्खा निघाला.

सरांनी कुठूनशी फॉर्मलिनची बाटली आणली, आम्ही लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरण्या आणल्या आणि आमची प्रयोगशाळा सुरू झाली. ताजा मेंदू दह्यासारखा असतो, बोट लावलं की मोडतो. औषधात मुरला की पनीरसारखा घट्ट होतो आणि मग त्याच्यात शिरता येतं. नाकाकडं जाणाऱ्या पुढच्या दोन गाठी शेळीत केवढ्या मोठ्या असतात! आम्हाला वाटलं, साहजिक आहे, ती आधी हुंगते आणि मग खाते. डोळ्यांच्या नसा तळाशी एकमेकींना ओलांडून पलीकडं जातात, ती फुली मी पहिल्यांदा चिमट्यानं उचलली आणि सगळ्यांना हाका मारून दाखवली. लहान मेंदू मधोमध कापला की आत पांढरं झाड निघतं, फांद्या आणि डहाळ्यांसकट. आणि आठवण जिथं तयार होते तो भाग. त्याला समुद्रघोड्याचं नाव दिलंय. आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. तो भाग वरचं आवरण न फाडता बाजूनं सोलून बाहेर काढणं फार अवघड असतं. मला ते जमायला लागलं. का जमलं ते सांगता येत नाही. घरी माय शेंगदाण्याचं साल काढते तसा अंगठा फिरवायचा, एवढंच मला कळत होतं. संध्याकाळी घरी आले की माय ताट पुढं करायच्या आधी म्हणायची, "हात धू आदी. मढ्याचा वास यायलाय." मी दोनदा धुवायचे, आणि तरी येसरच्या आमटीत बोट बुडवलं की तो वास वर यायचा. मला तो आवडायला लागला होता.

आज मी तुळजापुरात एका शिकवणी वर्गात आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. मेंदूचा धडा येतो, दीड पानाचा. मी आकृती काढते, भाग दाखवते, पुढं जाते. मुलं विचारतात, परीक्षेत किती मार्काला येतं. मी खरं ते सांगते.

तिसऱ्या वर्षापर्यंत वर्गात नऊ जण उरले. बाकीचे फार्मसीला गेले, पोलीस भरतीला गेले, काही जणी लग्नाला गेल्या. सूक्ष्मदर्शक येणार होते, आले नाहीत. मेंदूची वीज मोजायचं यंत्र येणार होतं, तेही नाही. आणखी शिक्षक येणार होते. आम्ही अर्ज दिले, संचालकांच्या दारात बसलो, मी घोषणा दिल्या. संचालक बाहेर येऊन गोड बोलायचे. "बाळांनो, होतंय, सगळं होतंय." आणि मग एक दिवस खरोखरच सगळं झालं. ताडपत्री टाकलेला टेम्पो आला आणि त्यातून सूक्ष्मदर्शक उतरले. यंत्र उतरलं, तारांच्या जुडग्यासकट. प्लास्टिकचे रंगीत मेंदू उतरले, ज्यांचे भाग सुटे होतात. आम्ही धावत खाली गेलो. बालाजीनं एक खोकं उचललं आणि शिट्टी मारली. तेवढ्यात कार्यालयातला माणूस आमच्या हातात ब्लेड देऊन म्हणाला, "ह्यावरचे स्टिकर खरवडा. डाग राहता कामा नये." स्टिकरवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजचं नाव होतं. पाहणी समिती येणार होती. समितीनं होकार दिला तर अभ्यासक्रम चालू राहणार होता, आणि त्या एका दिवसापुरती ही प्रयोगशाळा उसनी आणली होती.

यंत्रांपाठोपाठ शिक्षकही आले. म्हणजे आधी त्यांच्या नावांच्या पाट्या आल्या. चार दारांवर चार पाट्या लागल्या आणि आम्हाला वर्गात बसवून आमच्याच शिक्षकांची नावं पाठ करायला लावली. कोण काय शिकवतं, कोणत्या वारी शिकवतं. रिकाम्या बाकांवर बसायला फार्मसीची मुलं येणार होती. ढवळे सर मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या नावाची पाटी नव्हती.

कँटीनमागच्या कडुलिंबाखाली आमची बैठक झाली. मी म्हणाले, समितीला खरं सांगायचं, लेखी. शबाना म्हणाली, "सांगायचं. माझी अम्मी रोज विचारती, क्या पढे आज. किती दिवस झूट बोलू?" बालाजी उभाच होता. त्याचा बाप तामलवाडीला चांगली द्राक्षबाग राखून होता, पैशाची अडचण नव्हती, पण बालाजी घराण्यातला पहिला पदवीधर होणार होता. "खरं सांगितलं तर काय हुईल, सांग की."

"चौकशी होईल. शिक्षक नेमावे लागतील."

"आन् न्हाय नेमले तर? बंद पाडतेत. मग आपली तीन वर्षं गेली तेरणेच्या पाण्यात."

"मग काय, खोट्यावर पदवी घ्यायची?"

"पदवी खरीच आसती, मित्रा. शिक्का खरा आसतो." माझं नाव संघमित्रा, पण तिथं सगळे मित्राच म्हणायचे. "तुला काय, तुज्या आबाला बदलीची सवय हाय. आमच्या घरी पेढ्याची ऑर्डर द्यायची राह्यलीय निस्ती."

मला त्याचा संताप आला आणि मी त्याला नको ते बोलले. भित्रा म्हणाले, पाटलाचा लाडोबा म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "तू लिही. म्या आडवा येनार न्हाय. पर माजी सही न्हाय." आठ सह्या झाल्या.

मजकूर मी दोन पानं लिहिला होता. आबांनी अंगणात खाट टाकून तो वाचला, चष्मा नाकावर आणि लाल पेन हातात. 'निर्लज्ज' गेलं. 'शिक्षणाचा बाजार' गेला. 'आमच्या पिढीचा खून' तर त्यांनी दोनदा खोडला. "खून तू पाहिलास का? न्हाय ना? मग ब्लेड पाहिलंस, ते लिही." शेवटी अर्धं पान उरलं. विभागात एकच शिक्षक आहेत. पाट्यांवरच्या चार शिक्षकांना आम्ही पाहिलेलं नाही. यंत्रं अमुक दिवशी टेम्पोतून आली, त्यांवरचे स्टिकर आम्ही खरवडले. शेळीचे मेंदू आम्ही स्वतः आणतो. खाली आठ नावं. माय शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, "ह्यानं पोरीचं शिक्शन बंद पडलं तर?" आबा म्हणाले, "बंद पडलं तर निदान का पडलं ते छापलेलं असंल." मायनं फोलपाटांची परात उचलली आणि आत गेली. त्या संध्याकाळी तिनं आमटी खारट केली आणि आम्ही ती तशीच खाल्ली.

समिती आली. पुढं ढोल, कमानीत रांगोळी, फेटे. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, पांढरे केस, साधी सुती साडी, हातात स्वतःची पाण्याची बाटली. त्यांनी फेटा बांधून घ्यायला नकार दिला तेव्हाच मला त्या आवडल्या. संचालकांचं भाषण संपलं आणि बाई प्रयोगशाळेकडं निघाल्या तेव्हा मी पुढं झाले आणि पत्रक त्यांच्या हातात दिलं. संचालकांचा चेहरा दुधासारखा पांढरा झाला. कुणीतरी माझा दंड धरला. बाई म्हणाल्या, "सोडा तिला," आणि तिथंच व्हरांड्यात उभ्या राहून त्यांनी पत्रक वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या नावापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला आमचं पत्रक इतकं नीट वाचताना पाहत होते. मला वाटलं, आता झालं.

त्यांनी घडी घालून कागद पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "संघमित्रा तूच का? इथं लिहिलंय की शेळीचे मेंदू तुम्ही स्वतः आणता. आणून काय करता? दाखव मला."

पुढचं मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. शबाना धावत जाऊन बरणी घेऊन आली. उसन्या सूक्ष्मदर्शकांना सरकवून आम्ही ट्रे ठेवला. मी हातमोजे घातले आणि बाईंनी पहिला प्रश्न विचारला, आणि त्या क्षणी आमच्या आत काहीतरी बदललं. आम्ही सगळी अशाच घरांतली होतो की जिथं मूल बाहेरच्या माणसासमोर उभं राहिलं की घर श्वास रोखून धरतं. साहेबानं विचारलं आणि पोराला आलं नाही, ह्याच्याएवढी नाचक्की दुसरी नसते. पहिलीपासून आम्ही एवढं एकच शिकलो होतो. विचारलं की सांगायचं, आणि चांगलं सांगायचं. बाई विचारत गेल्या आणि आम्ही सांगत गेलो. शबानानं नाकाच्या गाठी दाखवल्या, मी डोळ्यांची फुली उचलून धरली, दुसऱ्या एकीनं झाड उघडलं. बाईंनी मधे एकदा इंग्रजीत विचारलं आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं, अडखळत, पण बरोबर. मग त्या म्हणाल्या, "आठवणीचा भाग अख्खा काढता येईल?" मी अंगठा फिरवला. तो निघाला, अख्खा, वाकडा, हस्तिदंतासारखा, माझ्या तळव्यावर. बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी चाळीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलांना हे असं जमलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फार्मसीच्या मुलांनीही. कुणीतरी फोन वर धरून फोटो काढत होतं. सही न केलेला बालाजी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मीही हसत होते. खोटं कशाला लिहू, फार आनंद झाला होता.

महिन्याभरानं अहवाल फलकावर लागला. मर्यादित साधनांतही अध्यापनाचा दर्जा उत्तम असल्याचं विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातून स्पष्ट झालं, असं त्यात होतं. विद्यार्थ्यांच्या काही तक्रारी आहेत, त्यांची विद्यापीठानं यथावकाश दखल घ्यावी. अभ्यासक्रम चालू ठेवण्याची शिफारस. आम्ही फलकासमोर उभे राहिलो. टेम्पो केव्हाच परत गेला होता आणि टेबलं पुन्हा रिकामी होती. चार पाट्या तेवढ्या राहिल्या.

बालाजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, "मित्रा, तितं 'येत न्हाय' म्हनायचं होतं. एकदाच."

मी म्हणाले, "येत होतं की रे."

"व्हय," तो म्हणाला. "तीच तर गोष्ट हाय."

मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोर एक कागद होता आणि एक तळहात होता, आणि त्यांनी तळहातावर विश्वास ठेवला. मीही तेच केलं असतं. ज्यांना काही शिकवलं नाही अशा मुलांना काही आलं तर ते शिकवल्याचा पुरावा होतो, आणि आलं नाही तर मुलंच नालायक असल्याचा. तिसरं उत्तर ठेवायला त्या अहवालात जागाच नव्हती. गेली काही वर्षं मी ती जागा शोधते आहे आणि मला ती सापडलेली नाही.

पुढच्या सत्रात ढवळे सरांना तास मिळाले नाहीत. त्यांना कुणी काढलं नाही, बोलावलं नाही इतकंच. पाट्यांवर चार शिक्षक असताना पाचव्याची गरज काय? ते सामान न्यायला आले तेव्हा मी आणि शबाना त्यांना पोचवायला येडशी स्टेशनवर गेलो. रामलिंगच्या डोंगराकडून वारा येत होता, फलाटावर दोन माकडं केळीच्या सालीवरून भांडत होती. मी म्हणाले, "सर, आमच्या पत्रकामुळं." ते म्हणाले, "पत्रकात माझ्याविषयी एकच वाक्य होतं. ते खरं होतं." मग पिशवीची चेन उगाच उघडत लावत म्हणाले, "तू तो भाग काढलास ना, मी खिडकीतून बघत होतो. मला आत येऊ दिलं नव्हतं." शबाना रडायला लागली. लातूरची गाडी आली, सर चढले आणि दारात उभं राहून म्हणाले, "बरण्यांतलं औषध बदलत राहा. नाहीतर सडतील." आम्ही दोनदा बदललं. तिसऱ्यांदा आणायचं कुठून ते आम्हाला माहीत नव्हतं.

शेवटचं वर्ष आम्ही एकमेकांना शिकवून काढलं. पदवी मिळाली, बालाजी म्हणाला तसा शिक्का खरा होता. पण कुठल्याच जाहिरातीत त्या पदवीचं नाव नव्हतं. पुढच्या शिक्षणासाठी बाहेर मुलाखतीला गेले तिथं त्यांनी विचारलं, कोणत्या यंत्रावर काम केलंय? मी म्हणाले, कोणत्याच नाही. इथं मात्र मी 'येत नाही' म्हणायला शिकले होते, आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीचं. प्रवेशाचे दिवस होते. तेरच्या बसथांब्यावर विद्यापीठाचा मोठा फ्लेक्स लागला. त्यावर दोन हात होते, हातमोज्यांतले, आणि तळव्यावर ती हस्तिदंती वाकडी वस्तू. चेहरा कापला होता. तरी सगळ्या गावाला ठाऊक होतं हात कुणाचे आहेत, कारण मायनंच कौतुकानं चारचौघींना सांगितलं होतं. फ्लेक्सचा अर्थ तिला नंतर कळला. मग ती थांब्यावरून जाताना पदर पुढं ओढून जायची.

एका दुपारी बब्रुवान काका आले, आमच्या गल्लीतले शिंपी. मागं त्यांची दीपा, नुकती बारावी झालेली, दोन घट्ट वेण्या. काकांच्या हातात भूमच्या पेढ्यांचा पुडा. "घे पोरी, तोंड गोड कर. दीपीचा नंबर लागला. तुज्याच कालिजात, तुज्याच इशयाला. आज पैशे भरून आलो." मी पेढा हातात धरून उभी राहिले. मग सगळं सांगितलं. टेम्पो, ब्लेड, पाट्या, ढवळे सर. विशेषण न लावता सांगितलं. काका ऐकत होते, मधूनमधून मान हलवत होते. आबांनी ऐकता ऐकताच कागद ओढला होता आणि लिहायला घेतलं होतं. वरची ओळ मला दिसत होती. 'पालकांनो, प्रवेश घेण्याआधी.'

काका म्हणाले, "आसं आसंल बी. पर मला एक सांग. तुला कुनी शिकिवलंच न्हाय, तर तुला आलं कुटून?"

माय चुलीपाशी वळून माझ्याकडं बघत होती. काकांच्या प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते सगळं सांगून झालं होतं.

दीपा इतका वेळ माझ्या हातांकडं बघत होती. ती म्हणाली, "ताई, त्यो खरा मेंदू व्हता?"

"हो. शेळीचा."

"मला शिकिवचाल का, काडायला?"

मी शिकवलं तर हिला येईल. हिला आलं की पुढच्या समितीसमोर हीच उभी राहील, विचारलं की सांगेल, चांगलं सांगेल, आणि पुढच्या वर्षी थांब्यावर हिचे हात लागतील. नाही शिकवलं तर हिला काहीच येणार नाही, आणि तिथं शिकवणारं दुसरं कुणी नाही. अंगणात शेंगा वाळत होत्या. कोंबडी त्यात शिरली आणि कुणी तिला हाकललं नाही.

"रविवारी ये," मी म्हणाले.

आबांनी लिहिता लिहिता माझ्याकडं पाहिलं. मग मजकूर अर्धाच ठेवून त्यांनी पेनाला टोपण लावलं.